सोडत

प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, तो दिवस आमच्याकडे मतदानाच्या दिवसाइतकाच ताणाचा असतो. सभागृहातल्या खुर्च्या भरलेल्या असतात, मागे उभे राहिलेल्यांची गर्दी असते, पुढच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा असतो. जवळच्या शाळेतली दोन-चार मुले बोलावलेली असतात. त्यांतले एखादे पोर डब्यात हात घालून चिठ्ठी काढते, अधिकारी ती उलगडून मोठ्याने वाचतात आणि मागच्या रांगेतला कुणीतरी न बोलता उठून बाहेर जातो. पाच वर्षे तो त्या प्रभागात राबलेला असतो. गटारे साफ करून घेतलेली, मयतीला खांदा दिलेला, नळाच्या जोडणीसाठी लोकांबरोबर हेलपाटे घातलेले. बाहेर चहाच्या टपरीवर त्याच्याबद्दल एवढेच बोलले जाते, ‘त्याचा वॉर्ड गेला.’

बदलापुरात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. महिलांसाठी राखीव झालेल्या प्रभागातून त्या एकदा निवडून आल्या. पहिले वर्ष त्यांचे यजमानच सगळीकडे पुढे असत. दुसऱ्या वर्षापासून बाई स्वतः बोलू लागल्या. त्यांनी एक वही केली होती. कोणत्या गल्लीत पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या इमारतीला भोगवटा दाखला नाही, उल्हास नदीचे पाणी चढले की कोणत्या घरांपासून लोकांना हलवायला सुरुवात करायची, हे सगळे त्यांनी त्यात लिहून ठेवले होते. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा वहीची किंमत समजते. पुढच्या सोडतीत प्रभाग खुला झाला, तिकीट दुसऱ्याला गेले आणि बाई माजी नगरसेविका झाल्या.

खासदारांनी किती वेळा निवडून यावे, याला घटनादुरुस्ती करून मर्यादा घालावी का, हा प्रश्न माझ्या डोक्यात या वहीपासून सुरू होतो. हा विचार मूळचा अमेरिकेतल्या वादातला आहे आणि आपल्याकडे अधूनमधून कुणीतरी तो मांडत असते. पण कार्यकाळ तोडला तर काय मिळते आणि काय हातचे जाते, याचा अनुभव दिल्लीपेक्षा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना जास्त आहे. आपल्या लोकशाहीच्या खालच्या पायऱ्यांवर मर्यादा केव्हाच आल्या आहेत. वरच्या पायरीवर मात्र एकही नाही.

राज्यघटना काय म्हणते ते पाहा. कलम ८३ लोकसभेला पाच वर्षे देते आणि त्याहून अधिक नाही, असे स्पष्ट बजावते. आणीबाणीत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ही मुदत सहा वर्षे केली होती. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली. म्हणजे सभागृहाला मर्यादा आहे, सभासदाला नाही. राष्ट्रपतिपदासाठी घटनेच्या १९४८ च्या मसुद्यात फेरनिवड एकदाच, अशी अट होती. अंतिम घटनेत ती राहिली नाही. तरी पायंडा असा पडला की राजेंद्रप्रसादांनंतर कुणीही दुसऱ्यांदा निवडून आले नाही. खासदारकीच्या बाबतीत असा पायंडाही कधी पडला नाही. घटनाकारांचा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी संसदीय पद्धत का निवडली ते समजावून सांगितले. या पद्धतीत सरकारची झडती रोज सभागृहात प्रश्न आणि ठरावांमधून होते आणि ठरावीक काळाने मतदारांकडून होते, असा त्यांचा मुद्दा होता. रोजची झडती चालू असली तर माणूस तिथे किती वर्षे बसला, हा प्रश्न फारसा उरत नाही.

आता आमच्याच पट्ट्याकडे येऊ. उल्हासनगर-कल्याणचा हा भाग पूर्वी ठाणे लोकसभा मतदारसंघात होता. १९७७ आणि १९८० मध्ये रामभाऊ म्हाळगी इथून निवडून गेले. मतदारांना आपल्या कामाचा लेखी अहवाल देण्याची त्यांची रीत होती. आंबेडकरांनी जिला रोजची झडती म्हटले, ती हे गृहस्थ स्वतःहून दारात घेऊन येत होते. पुढे प्रकाश परांजपे १९९६ पासून सलग चार वेळा जिंकले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे निवडून आले. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर अंबरनाथ आणि उल्हासनगर नव्या कल्याण मतदारसंघात गेले आणि बदलापूर मुरबाड विधानसभेबरोबर भिवंडीत गेले. कल्याणमध्ये २००९ ला आनंद परांजपे जिंकले. २०१४ पासून श्रीकांत शिंदे यांची तिसरी टर्म चालू आहे. भिवंडीत कपिल पाटील दोनदा निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये पराभूत झाले. लोकलने दहा मिनिटांच्या अंतरावरची ही शहरे. एकीकडे मतदारांनी खासदाराला तिसऱ्यांदा पाठवले, दुसरीकडे त्याच वर्षी दोन टर्मच्या मंत्र्याला घरी बसवले. दोन्ही कौल मतदारांचेच आहेत.

विधानसभेत तर मुक्काम आणखी लांब आहे. अंबरनाथ राखीव मतदारसंघातून डॉ. बालाजी किणीकर २००९ पासून चारदा निवडून आले. किसन कथोरे २००४ मध्ये अंबरनाथमधून आणि पुढे चार वेळा मुरबाडमधून जिंकले. उल्हासनगरात पप्पू कलानी १९९० पासून चार वेळा आमदार होते. २००९ मध्ये कुमार आयलानी यांनी त्यांचा पराभव केला, २०१४ मध्ये ज्योती कलानी जिंकल्या, पुन्हा २०१९ आणि २०२४ मध्ये आयलानी. ही यादी कुणाला दोष देण्यासाठी काढलेली नाही. लोकांनी मते दिली म्हणून ही माणसे तिथे आहेत किंवा होती. पण यादी वाचताना एक गोष्ट मला टोचते. १९७७ पासून आमच्या भागाने लोकसभेत एकही स्त्री पाठवलेली नाही. उल्हासनगरची विधानसभेची जागा एकदा स्त्रीकडे गेली आणि २०२४ मध्ये शेजारच्या कल्याण पूर्वची गेली. दोन्ही वेळी आधी आमदार राहिलेल्याची पत्नी निवडून आली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. या तीन शहरांत मिळून वही लिहिणाऱ्या किती बायका तयार झाल्या असतील! त्यांच्यासाठी वरची पायरी कुठे आहे?

मर्यादेच्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा अनुभवाचा आहे आणि तो मला हलका करायचा नाही. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना ही त्यांच्या विचारातून उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिले आणि पुढे ती कायदा झाली. दहा वर्षांनी पाग्यांना घरी पाठवले असते तर? सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. एकच पक्ष, एकच मतदारसंघ, बहुतेक काळ विरोधी बाकांवर. दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी इतकी दशके लावून धरला की सलग तीन टर्मनंतर उठवले असते, तर तो धागा तुटला असता, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांच्या अकरा विजयांमध्ये १९७२ आणि १९९५ चे दोन पराभवही आहेत. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला हरले, १९९९ ला परत आले. बाहेर बसावे लागले म्हणून गणपतराव लहान झाले नाहीत. मधली विश्रांती चांगल्या माणसाला संपवत नाही, हे मी सांगोल्याकडून शिकलो.

शिवाय अनुभव वापरायचा कुठे, हेही विचारले पाहिजे. १९८५ ची बावन्नावी दुरुस्ती झाल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिले की सदस्यत्व धोक्यात येते. वीस वर्षे सभागृहात बसलेला आणि काल शपथ घेतलेला, दोघेही एकाच व्हिपवर हात वर करतात. खासगी विधेयकाची वाट तर जवळजवळ बुजलेली आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही. राजापूरच्या बॅ. नाथ पैंनी गोलकनाथ निकालानंतर खासगी विधेयक मांडून संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न देशापुढे उभा केला होता, तो काळ आता परका वाटतो. सभासदाचा अनुभव मोलाचा आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी त्या अनुभवाला सभागृहात बोलायची जागा मिळवून द्यावी.

अमेरिकेतला वाद इथे जसाच्या तसा लावला, तर फसगत होईल. तिथे प्रतिनिधिगृहाचे सदस्य क्वचित हरतात, म्हणून कार्यकाळाची मागणी उठली. १९९५ मध्ये तशी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मताला आली. बाजूने २२७ आणि विरोधात २०४ मते पडली आणि दोनतृतीयांशाअभावी ती पडली. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यांना स्वतःच्या कायद्याने ही मर्यादा घालता येणार नाही. आपल्याकडे उलटे आहे. २०२४ च्या लोकसभेत २८० खासदार पहिल्यांदा निवडून आले, म्हणजे निम्म्याहून जास्त. आपला मतदार खासदार बदलायला कचरत नाही. बदलत नाही तो तिकीट देणारा हात. माणूस जातो, नवा येतो, आणि त्याचे नाव ज्या खोलीत ठरले त्या खोलीतली माणसे तीच असतात.

घराण्यांचा मुद्दाही प्रामाणिकपणे घ्यायला हवा. फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेने प्रतिनिधिगृहात सलग तीन टर्मची मर्यादा घातली. झाले असे की मुदत संपली की पत्नी, मुलगा, भाऊ उभा राहतो, आणि एक टर्म गेली की मूळ माणूस परत येतो. आपल्याकडे कसलीही मर्यादा नसताना हे होतच आहे. गणपतरावांनी २०१९ ला थांबायचे ठरवले तेव्हा शेतकरी कामगार पक्षाने त्यांच्या नातवालाच उभे केले आणि २०२४ मध्ये दुसऱ्या नातवाने ती जागा परत मिळवली. मुलगा, सून, नातू हेही नागरिक आहेत. त्यांना कायद्याने रोखता येत नाही आणि रोखूही नये. मर्यादा आली की घराणी संपतील, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग मर्यादा कशाला? मला तिच्यातून एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आधीपासून ठरलेली तारीख. अमुक वर्षी ही जागा रिकामी होणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असले तर पक्षाला मतदारसंघात येऊन विचारावे लागते, आता कोण? आज हा प्रश्न विचारलाच जात नाही. खासदार किंवा आमदार मरण पावले, बंडखोरी करून गेले किंवा हरले तरच तो उभा राहतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पक्ष फुटले, त्याची मोठी कारणे मोठ्या नेत्यांपाशी असतील. पण खालच्या फळीतला कर्तबगार माणूस इतक्या सहज पक्ष का सोडतो, याचे एक उत्तर मला इथे दिसते. वरची जागा त्याच्या हयातीत रिकामी होण्याची चिन्हे नसतात. रांगेत उभे राहण्यात अर्थ नसेल तर माणूस रांग मोडतो.

चुकीची मर्यादा घातली तर काय होते, हेही आम्ही भोगले आहे. मेक्सिकोने १९३३ पासून खासदाराला लागोपाठ निवडून यायलाच बंदी घातली. आठ दशकांनी, २०१४ मध्ये, त्यांनी ती उठवली. एका टर्ममध्ये माणूस मतदारांशी बांधला जात नाही, पुढचे पद देणाऱ्या पक्षाशी बांधला जातो. सोडतीने वॉर्ड गेलेल्या नगरसेवकांचे हेच होते. पुढच्या वेळी या लोकांपुढे जायचेच नाही, हे कळले की शेवटच्या वर्षी तो मतदाराच्या दारात कमी आणि नेत्याच्या दारात जास्त दिसतो. त्याला दोष कसा द्यावा?

आणि जागा नुसतीच रिकामी राहिली तर? अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगरपालिकांची निवडणूक २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. उल्हासनगर महापालिकेतही २०२२ पासून तेच होते. पाच वर्षे आणि त्याहून अधिक नाही, हे घटनेतले शब्द इथे लोकप्रतिनिधींना तंतोतंत लागू झाले. नव्यांना निवडून देण्याचा घटनेतला दुसरा अर्धा भाग मात्र राहून गेला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे निवडणुकांचे चाक हलले. मधल्या काळात, २० ऑगस्ट २०२४ ला, चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराने पेटलेले हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर तिथून उठले नाहीत. त्या दिवशी लोकांचा राग समजून घ्यायला, त्यांच्यात शिरून बोलायला, गल्लीतल्या माणसांना नावाने ओळखणारा एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. एवढ्याने तो दिवस टळला असता असे मी म्हणत नाही. पण प्रतिनिधी काढून घेणे सोपे असते आणि त्याची जागा अधिकाऱ्याने भरत नाही, हे त्या दिवसानंतर मी विसरू शकलेलो नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार समतेची आहे. मर्यादा घालायची वेळ आली की आपली सभागृहे नेहमी खाली बघतात. महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुले असलेल्या माणसाला, ठरावीक तारखेनंतरचे मूल असेल तर, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका लढवता येत नाही. विधानसभा आणि लोकसभा लढवता येते. सहकारी बँकांच्या संचालकांना संसदेने २०२० मध्ये सलग आठ वर्षांची मर्यादा लावली आणि २०२५ मध्ये ती दहा केली. क्रिकेटच्या संघटनांना लोढा समितीचे नियम लागले आणि शरद पवारांसारख्या नेत्याने २०१६ च्या अखेरीस मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद सोडले. पतपेढीचा, बँकेचा, मैदानाचा कारभार एका हातात फार काळ राहू नये, हे आपल्याला पटते. देशाचा कायदा करणाऱ्या सभागृहाबद्दल मात्र हा विचार पुढे सरकत नाही.

२०२३ ची एकशे सहावी घटनादुरुस्ती हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी ही दुरुस्ती मला मनापासून हवी होती. नीट पाहिले तर तीही एक प्रकारे कार्यकाळाला मर्यादाच आहे, कारण राखीव जागा फिरल्या की वर्षानुवर्षे एकाच मतदारसंघात बसलेल्याला उठावे लागते. आधीच्या विधेयकांवर मोठा आक्षेप हाच होता, की दर निवडणुकीला जागा फिरली तर खासदार मतदारसंघाची मशागत कशाला करेल? आक्षेप खरा आहे. म्हणून २०२३ मध्ये ठरले की जागा प्रत्येक निवडणुकीला नव्हे, प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतील. ठीक. पण मग नगरसेविकेने मशागत करायची नसते का? तिचा प्रभाग दर पाच वर्षांनी डब्यात जातो. खासदाराला जे कारण देऊन वाचवले, तेच कारण तिच्या बाबतीत कुणाला सुचले नाही.

म्हणून माझे मागणे दोन्ही बाजूंनी आहे. खाली आरक्षण किमान दोन टर्म एका प्रभागात स्थिर राहावे. वर, संसदेच्या दोन्ही सभागृहांची मिळून सलग पंधरा वर्षे झाली की माणसाने एक पूर्ण टर्म बाहेर राहावे आणि मग हवे तर परत यावे. दोन्ही सभागृहे मिळून मोजायची, नाहीतर लोकसभेतून राज्यसभेत जाऊन घड्याळ पुन्हा शून्यावर आणता येईल. कलम १०२ प्रमाणे नवी अपात्रता संसदेला साध्या कायद्यानेही घालता येते, तरी मी घटनादुरुस्तीच मागेन. साध्या बहुमताने घातलेले बंधन नडू लागले की साध्या बहुमताने काढले जाईल. पक्षांना मात्र तेवढे थांबायची गरज नाही. केरळात मार्क्सवादी पक्षाने २०२१ मध्ये दोन टर्मचा नियम लावून थॉमस आयझॅक यांच्यासारख्या अर्थमंत्र्यालाही उमेदवारी दिली नाही, आणि तरी निवडणूक जिंकली. त्यासाठी घटनेतला एक शब्दही बदलावा लागला नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या पक्षाने, कुठल्याही झेंड्याच्या, हे करून दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे.

मागच्या पावसाळ्यात नदी चढू लागली तेव्हा मी त्या बाईंकडे गेलो होतो. पद जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. फोन मात्र वाजत होता, कारण खालच्या चाळींतल्या लोकांना अजून त्यांचाच नंबर पाठ आहे. त्यांनी कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि एकेका घराचे नाव घेत पोरांना पाठवू लागल्या. मध्येच थांबून त्यांनी मला विचारले, ‘तुम्ही लिहिता ना? मग सांगा, ही वही मी आता कुणाला देऊ?’